सात म्हणजे बांगडा

(पडद्यावर: लाकडी कप्प्यांचं कपाट. लहान मुलांचे बूट. बाहेर अजून धुकं.)

शाळेच्या दारातल्या या कपाटाला शंभराच्या वर कप्पे आहेत. बूट आहेत फक्त ३४ कप्प्यांत. बाकीच्या कप्प्यांवर जुन्या नावांच्या चिठ्ठ्या खरवडून काढल्याच्या खुणा तेवढ्या उरल्यात.

दक्षिण कोरियातला हेनाम जिल्हा. कोरियाच्या मुख्य भूमीचं दक्षिणेकडचं शेवटचं टोक याच जिल्ह्यात आहे आणि ते गाव स्वतःला ‘जमिनीचा शेवट’ म्हणवून घेतं. नोव्हेंबर संपत आलाय. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चिनी कोबीची शेतं. थंडीत आतला गड्डा गोठू नये म्हणून प्रत्येक कोबीची वरची पानं एकत्र आवळून दोरीनं बांधलेली. माती तांबडी. पहिल्या दिवशी गाडीतून उतरलो आणि क्षणभर वाटलं, आपण पालीच्या पुढं कुठंतरी आलोय.

(पडद्यावर: फाटकातून आत येणारी पावलं. करडे बूट निघतात, तीन पट्ट्यांच्या काळ्या सपाता पायात जातात.)

ही टीचर. वय बत्तिशीच्या आसपास, राहणार केपटाऊन, दक्षिण आफ्रिका. इथं बाहेरचे बूट दारातच काढायचे आणि आतल्या सपाता घालायच्या. हा नियम पहिलीच्या पोरापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना सारखा. तीन पट्ट्यांच्या या सपाता कोरियातल्या बहुतेक शाळांत दिसतात. टीचरनं त्या बसथांब्याजवळच्या दुकानातून घेतल्या. पहिले दोन दिवस तिनं पाहुण्यांच्या सपातांमध्ये काढले होते, त्या दोन नंबर लहान होत्या.

शाळेनं आम्हाला आत घेतलं ते एका अटीवर: मुलांचे चेहरे दिसता कामा नयेत. त्यामुळे पुढची काही मिनिटं तुम्हाला पाय दिसतील, हात दिसतील, दप्तरं दिसतील आणि आवाज मात्र भरपूर ऐकू येतील.

(पडद्यावर: पोटावर ठेवलेले दोन छोटे हात. वाकणं.)

हा ‘बेक्कोप इन्सा’. बेक्कोप म्हणजे बेंबी. दोन्ही हात बेंबीवर ठेवून कमरेतून वाकायचं. बालवाडीतच शिकवतात. तिसरीपर्यंत मुलं असंच वाकतात, सहावीची नुसती मान हलवतात. पण हाक सगळ्यांची एकच: ‘सॅम!’ शिक्षकाला कोरियन भाषेत म्हणतात ‘सॉनसेंगनिम’, त्याचं मुलांनी केलेलं हे लहान रूप. आपल्याकडे ‘बाई’ म्हणतात तसं.

पण शिक्षकांच्या खोलीतल्या वेळापत्रकात तिच्यासाठी वेगळा शब्द आहे. ‘वॉनॉमिन’. म्हणजे मूळभाषक, जन्मानं ती भाषा बोलणारी व्यक्ती. पूर्ण पद वाचलं तर ‘मूळभाषक इंग्रजी सहायक शिक्षक’. हा शब्द लक्षात ठेवा, आपल्याला त्याच्याकडे परत यायचंय.

(पडद्यावर: जमिनीवर पसरलेले कागद. शिक्के, लाल फीत, पासपोर्ट.)

हे चित्रीकरण तिच्या घरी केलं. घर म्हणजे शाळेनंच दिलेली एक खोली. जमिनीखालून गरम पाणी फिरतं, म्हणून ती खुर्ची सोडून फरशीवरच बसते. कोरियात येण्यासाठी जमवलेले हे कागद. पदवीचं प्रमाणपत्र, त्यावर अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का. पोलिसांचा दाखला, त्यावरही अपॉस्टिल. इंग्रजी शिकवण्याचा शंभर तासांचा अभ्यासक्रम, त्याचा दाखला. इथं उतरल्यावर तब्येतीची तपासणी आणि अमली पदार्थांची चाचणी, त्यांचे निकाल. आणि ई-२ व्हिसा, परदेशी भाषाशिक्षकांसाठीचा.

प्राथमिक शाळेत तिसरीपासून इंग्रजी हा नियमित विषय झाला १९९७ साली. सरकारी शाळांत परदेशी शिक्षक आणण्याची ‘एपिक’ ही योजना त्याच्याही आधीची, १९९५ची. नियम साधा आहे: सात देशांचे नागरिक. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. यातल्या एकाचा पासपोर्ट असला की पदवी कुठल्याही विषयाची चालते. टीचरची पदवी वाणिज्य शाखेची आहे.

आता या फोटोकडे बघा.

(पडद्यावर: जुना कृष्णधवल फोटो. फेटा बांधलेले गृहस्थ, मागे दुकान.)

हे तिचे खापरपणजोबा. रायगड जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावातून बोटीनं केपटाऊनला गेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रायगड-रत्नागिरीतून असे कितीतरी कोकणी मुसलमान तिकडं गेले. कुणी दुकान टाकलं, कुणी फळं विकली. पुढं १९५०चा ग्रुप एरियाज कायदा आला. कोणत्या रंगाच्या माणसानं कोणत्या वस्तीत राहायचं ते सरकार ठरवू लागलं. केपटाऊनमधल्या भारतीयांच्या वाट्याला रायलँड्स आलं. टीचर वाढली तिथंच. घरात इंग्रजी. आजीची कोकणी तिला पाच-सहा शब्दांपुरतीच येते: भाकर, पानी, ये, बस. शेवटचा शब्द ती वर्गात वापरते आणि पोरं खरंच बसतात.

म्हणजे खापरपणजोबा बोटीत चढले म्हणून ती मूळभाषक. ते गावातच राहिले असते तर?

तर तिच्यासाठी दुसरं दार होतं. भारत आणि कोरिया यांच्यातला सर्वंकष आर्थिक भागीदारी करार, ‘सेपा’. ७ ऑगस्ट २००९ला सोलमध्ये सही झाली आणि १ जानेवारी २०१०पासून तो लागू झाला. गाड्यांचे सुटे भाग, पोलाद, रसायनं यांच्या याद्यांच्या गर्दीत एक कलम इंग्रजीच्या सहायक शिक्षकांचं आहे. भारतीय नागरिकाला कोरियातल्या शाळेत इंग्रजी शिकवता येईल. मात्र पदवी इंग्रजीचीच हवी, आणि शिक्षकाचं प्रमाणपत्रही हवं. वाणिज्य चालणार नाही. अशी पात्रता असलेले एम.ए., बी.एड. आपल्या एकेका तालुक्यात रांगेनं उभे आहेत. या दारातून आत आलेले भारतीय फार थोडे.

हा मुद्दा माझा आहे, टीचरचा नाही. तिला विचारलं तेव्हा ती नुसती हसली. ते हसू टेपवर आहे, बघा.

(पडद्यावर: टीचरचं हसू. मग वर्गाचा फळा.)

सहावीचा वर्ग. सात मुलं. तास ४० मिनिटांचा. वर्गात तिच्याबरोबर एक कोरियन शिक्षिका असतेच, कारण टीचर कागदोपत्री सहायक आहे. पण वर्ग चालतो तो दोघींच्या इशाऱ्यांवर. टीचर वाक्य म्हणते, मुलं गोंधळतात, बाई दोन शब्दांत कोरियन सांगतात, मुलं ‘आ-आ-आ’ करतात. हा ‘आ-आ-आ’ आमच्या टेपवर इतक्या वेळा आहे की संकलन करताना तो झोपेतही ऐकू यायचा.

तिसरी-चौथीला आठवड्याला इंग्रजीचे दोन तास, पाचवी-सहावीला तीन. एका शाळेत एकेकच तुकडी, म्हणजे झाले दहा. करारात आहेत २२. म्हणून सोमवार, बुधवार, शुक्रवार ही शाळा आणि मंगळवार, गुरुवार डोंगरापलीकडची दुसरी. उरलेले दोन तास पहिली-दुसरीबरोबर खेळायचे.

पुस्तकाबरोबर आवाजाच्या फाइली येतात. त्यातला आवाज अमेरिकी. टीचरचा आवाज केपचा. आज शब्द आला ‘डान्स’. ती म्हणाली, डान्स. मागच्या बाकावरून तत्काळ दुरुस्ती आली: ‘सॅम, डॅन्स!’ तिनं परत म्हटलं, डान्स. फाइल म्हणाली, डॅन्स. सात मतं फाइलच्या बाजूनं पडली.

आपण काय म्हणतो? डान्सच.

आणि ‘बस’ शब्दाचं ‘बॉसु’ होतं, ‘डेस्क’चं ‘देसुकु’. कोरियन उच्चारात शब्दाच्या शेवटी स मोकळा सोडताच येत नाही, त्याला स्वराचा टेकू लागतो. आपल्याकडे ‘इस्टेशन’ आणि ‘इस्कूल’ म्हणणाऱ्यांना हसणाऱ्यांनी हा तास जरूर बघावा. आपण टेकू पुढं लावतो, ते मागं लावतात.

(पडद्यावर: स्टीलचं ताट, पाच खण. वाफ.)

बारा वाजून दहा मिनिटं. गुप्शिक, म्हणजे शाळेतलं जेवण. या फिल्ममध्ये सर्वांत जास्त चित्रीकरण याचंच आहे हे मान्य करायला हवं. इथं चेहऱ्यांची अडचण नव्हती.

ताटात डावीकडं भात, उजवीकडं सूप, वरच्या तीन खणांत किमची आणि दोन पदार्थ. लांब दांड्याचा चमचा आणि स्टीलच्या काड्या. शिक्षक मुलांबरोबरच रांगेत उभे राहतात, तेच जेवतात.

भिंतीवर महिन्याचा तक्ता लागतो. प्रत्येक पदार्थापुढं बारीक आकडे. ही ॲलर्जीची खूण आहे, देशभर सगळ्या शाळांत सारखीच. १ म्हणजे अंडं. २ दूध. ५ सोयाबीन. ६ गहू. ९ कोळंबी, किमचीसमोर तो आकडा हमखास असतो, कारण तिच्यात खारवलेला जवळा घालतात. १० म्हणजे डुकराचं मांस. १५ कोंबडी, १६ गोमांस.

टीचरला कोरियन वाचता यायच्या आधी हे आकडे वाचता यायला लागले. दहा, पंधरा, सोळा: नको. त्या दिवशी भात, किमची आणि पालेभाजी. सुरुवातीचे कित्येक आठवडे ती असंच जेवली. कुणाला काही बोलली नाही.

मुलांनी ओळखलं. कसं, ते आम्ही विचारलं नाही. आम्ही आलो तोवर हा रोजचा रिवाज होऊन बसला होता. रांगेत तिच्यापुढं असलेलं पोर तक्त्यावर बोट फिरवतं आणि ओरडतं.

(पडद्यावर: तक्त्यावर फिरणारं छोटं बोट. आवाज: ‘सॅम! टेन! नो, नो! टेन!’)

वर्गात मान खाली घालून बसणारी मुलं रांगेत इंग्रजी बोलतात. बेरीज करून दाखवतात. ‘टेन अँड फिफ्टीन, टूडे व्हेरी बॅड.’ हे वाक्य कुठल्याही धड्यात नाही.

आणि हा शुक्रवार. तक्त्यावर आकडा आहे ७.

(पडद्यावर: भाजलेल्या माशाचा तुकडा. निळसर-काळी पट्टेदार कातडी.)

गोदुंगॉ. मीठ लावून भाजलेला. कातडीवरची ती नागमोडी नक्षी पाहिली आणि कॅमेऱ्यामागं आमच्या तोंडून एकदम निघालं, ‘अगं, हा तर बांगडा!’ तो आवाज काढून टाकायचा होता, पण ठेवला. नेमका आपल्या किनाऱ्यावरचा नाही, त्याचा थंड पाण्यातला चुलतभाऊ. टीचरनं शब्द दोनदा म्हणून पाहिला. बांगडा. बांगडा. मग म्हणाली, हा शब्द आजीकडून ऐकलाय, पण केपला तो मासा नसायचा. आजी हा शब्द नक्की कशाला वापरायची हे तिला कधी कळलंच नव्हतं.

(पडद्यावर: टीचर, ताट. निवेदन नाही. १२ सेकंद.)

जेवण झालं की दात घासायचे. कोरियन शाळेत हे पाहून आम्ही थक्क झालो: कपाटात प्रत्येकाचा ब्रश, नळापाशी मुलं आणि शिक्षक शेजारी शेजारी, तोंडात फेस, आणि फेसातूनच गप्पा. मग झाडू. वर्ग मुलंच झाडतात.

अडीचनंतर फाटकाबाहेर पिवळ्या गाड्या येऊन थांबतात. तायक्वांदो, पियानो, गणित. खासगी शिकवणीला इथं ‘हाग्वॉन’ म्हणतात. शहरात ही गोष्ट रात्री दहापर्यंत चालते. याच मुलांपुढं पुढं नोव्हेंबरमधली ‘सुनुंग’ येणार, विद्यापीठाची प्रवेश परीक्षा. तिच्यात इंग्रजीचं ऐकणं चालू असताना देशभरात विमानांची उड्डाणं थांबवतात. ते आम्ही चित्रित केलं नाही.

मुलं गेल्यावरही टीचरला ४.४० वाजेपर्यंत बसायचंय. संगणकावर शाळेचा निरोप टुंग करून येतो, संपूर्ण कोरियनमध्ये. ती फोनवरच्या ॲपनं त्याचं भाषांतर करते. आज ॲपनं सांगितलं: ‘उद्या सर्वांनी पोट घेऊन या.’ शेजारच्या बाईंनी समजावलं. पोट नव्हे, नावा नव्हे, नाशपाती. कोरियनमध्ये तिन्हींना एकच शब्द, ‘बे’. कुणाच्या तरी बागेतली आलीय, वाटायचीय.

(पडद्यावर: नाशपातीची पेटी. कपाटातले रिकामे कप्पे.)

२०१२ ते २०१८ सलग सात वर्षं देशातला सर्वाधिक जननदर, म्हणजे एका बाईमागं सरासरी मुलं, हेनामचा होता. २०२३ साली देशाचा जननदर ०.७२ झाला. मार्चमध्ये नवं वर्ष सुरू होईल तेव्हा या शाळेत सहावीची सात मुलं नसतील आणि पहिलीत दोन येतील. शाळा दुसरीला जोडायची का, यावर बैठक झालीय, टीचरचा करार फेब्रुवारीपर्यंत आहे.

(पडद्यावर: टाचण्या. जुना तक्ता उतरतो, नवा चढतो.)

डिसेंबरचा तक्ता. पोषण-शिक्षिका तो लावून वळत नाहीत तोच तीन पोरं भिंतीला चिकटतात. एकाच्या हातात लाल पेन आहे. दहाच्या आकड्यांभोवती वर्तुळं. पंधरा. सोळा. मग पेन थांबतं, मागं जातं, आणि दोन ठिकाणी वर्तुळ नाही, चांदणी काढली जाते.

‘सॅम! सेव्हन! टू टाइम्स!’

आणि मग, आमच्याकडे वळून, कॅमेऱ्याच्या काचेत बोट रोवून:

‘बांगुदा!’