भिंतीवर पुन्हा बुरशी का येते?

[दृश्य: पावसाळी दुपार, फ्लॅटमधली छोटी खोली. कपाट पुढे ओढलं जातं.]

मुंबई, ठाणे, पनवेल. जुलै महिना. कपाट पुढे ओढलं की मागे काळे-हिरवे ठिपके. आतल्या कपड्यांना कुबट वास. भिंतीला रंग गेल्याच वर्षी दिलेला, तोही बुरशीरोधक.

बुरशीचे बीजाणू घरातल्या हवेत कायम असतात. ते पूर्णपणे घालवता येत नाहीत. भिंतीलगतची आर्द्रता बराच काळ ८० टक्क्यांच्या वर राहिली की ते रुजतात. त्यासाठी भिंत डोळ्यांना ओली दिसायलाही लागत नाही. म्हणून आधी शोधायचं, ते पाणी.

[दृश्य: भिंतीवर प्लास्टिकचा चौकोनी तुकडा, चारही कडांना चिकटपट्टी.]

असा तुकडा एक-दोन दिवस राहू द्या. पाणी तुकड्याच्या आत, भिंतीच्या बाजूला जमलं, तर ओल भिंतीतूनच येते आहे: बाहेरच्या गिलाव्याला तडा, वरच्या मजल्याचं बाथरूम, गळका पाइप. तिथे दुरुस्तीला पर्याय नाही. पाणी खोलीच्या बाजूला जमलं, तर ते हवेतलं आहे.

हवेत किती पाणी असतं, याचा आपल्याला अंदाज नसतो. २८ अंश तापमान, ८५ टक्के आर्द्रता, हा आपला नेहमीचा पावसाळी दिवस. दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंच खोलीतल्या हवेत तेव्हा सुमारे पाऊण लिटर पाणी वाफेच्या रूपात असतं. ही हवा २५ अंशांच्या आसपासच्या पृष्ठभागाला टेकली, की तिथे दव धरतं.

आता शेजारच्या बेडरूममध्ये रात्रभर एसी १८ वर आहे. मधली भिंत साडेचार इंची. ती अलीकडूनही गार होते. कपाटामागे तर जास्तच, कारण तिथे उबदार हवा खेळत नाही. एसी एका खोलीत आणि बुरशी दुसऱ्या खोलीत, हे कोडं इथे सुटतं. एसी २५-२६ वर ठेवा. कपाट भिंतीपासून तीन-चार इंच पुढे घ्या.

‘खिडक्या उघड्या ठेवा’ हा सल्ला सरसकट देऊ नये, असं आम्हाला वाटतं. भर पावसात बाहेरची हवा आधीच ओथंबलेली असते. एसी बंद करून लगेच खिडकी उघडली, तर गार भिंतीला घाम फुटणारच. अंघोळीची वाफ आणि कुकरची वाफ मात्र बाहेर गेलीच पाहिजे. अंघोळीनंतर एक्झॉस्ट फॅन वीस मिनिटं चालू राहू द्या. कपडे खोलीत वाळवावे लागत असतील, तर एकाच खोलीत, दार लावून, एसी ‘ड्राय’ मोडवर.

आलेली बुरशी कोरड्या ब्रशने खरवडू नका, बीजाणू घरभर उडतात. मास्क लावा, साबणाच्या पाण्याने पुसा, भिंत पंख्याखाली सुकवा. ब्लीच आणि बाथरूमचं ॲसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. घरात दम्याचा रुग्ण असेल, तर हे काम त्याच्यावर टाकू नका.

[दृश्य: रंगाचे डबे, शिडी, दाराला तोरण.]

राहिला रंग. गणपती येणार म्हणून श्रावणात घर रंगवायची आपल्याकडे हौस असते. तेव्हा भिंत ओली असते, आणि पुट्टी-रंगाखाली ती ओल कोंडली जाते. पुढे पोपडे सुटतात. गणपतीला भिंत नुसती स्वच्छ पुसून घ्या. गळती काढा, दसऱ्यानंतरच्या उन्हात भिंत पुरती वाळू द्या, प्लास्टिकचा तुकडा पुन्हा लावून बघा. तो दोन्ही बाजूंनी कोरडा निघाला, की मग रंगाऱ्याला बोलवा.