पालथी नाव

(दृश्य: काठावर पालथी घातलेली नाव. वाकसाचा, म्हणजे सुताराच्या लाकूड तासायच्या हत्याराचा, आवाज.)

तापीकाठचं मे महिन्याचं ऊन. माणसं निंबाखाली सरकलीत, पण नावेला नेमकं हेच ऊन लागतं. हंगामभर पाणी प्यायलेला साग आकसतो आणि फळ्यांमधल्या सांधी उघड्या पडतात. बाबा त्यांत नख घालून बघतात. नख गेलं तर बुजवायचं. बोट गेलं तर फळीच बदलायची.

(दृश्य: ड्रोन. रुंद पाणी, दूर सातपुडा.)

मध्य प्रदेशातल्या मुलताईपासून सुरतेच्या समुद्रापर्यंत तापी ७२४ किलोमीटर वाहते. पण खडकाळ पात्र आणि उंच दरडी, त्यामुळे बुऱ्हाणपूरचा माल सुरतेला जायचा तो थाळनेर, नंदुरबारवरून, बैलगाड्यांनी. १९७२ मध्ये गुजरातेत उकाई धरण पूर्ण झालं. पाणी मागे तुंबत नंदुरबार जिल्ह्यात आलं आणि शीड पसरावं एवढी रुंदी मिळाली. त्या पाण्याखाली गावं गेली.

(दृश्य: बाभळीची वाकडी फांदी, त्यावर खडूची रेघ.)

नावेच्या फासळ्यांचं हे लाकूड वखारीत मिळत नाही, बांधावर शोधावं लागतं. नावेच्या पोटाला जसा बाक, तसाच बाक बाभळीच्या फांदीला हवा. सरळ लाकूड कापून वाकडं केलं तर त्याचे तंतू तुटतात आणि पहिल्या आदळण्यातच ते चिरतं. फांदी वाकडीच वाढली असेल तर तंतूही बाकाबरोबर वळलेले असतात. सुतारदादा फांदी हातात फिरवून बघतात. मोजपट्टी खिशातच राहते.

(दृश्य: कापसाची वात वळणारे हात. जवळून.)

कापूस घरचा. जवसाचं तेलही खान्देशातलंच. हे तेल हवेवर सुकतं, म्हणून तेच घ्यायचं. त्यात राळ उकळायची, वात बुडवायची आणि बोथट पटाशीनं सांधीत बसवायची. इथे नवखा हमखास चुकतो. सांध मोठी दिसते, म्हणून तो ठासून भरतो. मग लाकूड फुगलं की फळ्यांना जागा उरत नाही आणि त्या खिळ्यांवरून उचलल्या जातात.

“जास्त नको ठोकू भाऊ, पानीमा ती फुगी.” म्हणजे, पाण्यात ती फुगेल.

किती भरायचं, हे ठोक्याच्या आवाजावर ठरतं. आवाज बसका होता होता थांबायचं. फायबरची होडी वजनाला हलकी, हे खरं. ती तयार मिळते, हेही खरं. तिच्यासाठी बांधाबांधावर लाकूड शोधावं लागत नाही, पण गावातल्या कुणालाच ती बांधता येत नाही.

मग बुडाला डांबर. पावसाळाभर नाव पुरापासून वर, छपराखाली.

(दृश्य: कमरेएवढं पाणी. चौघं मिळून नाव बुडवतात.)

दसऱ्यानंतरचं हे दृश्य बघून बाहेरचा माणूस ओरडेल. नाव मुद्दाम बुडवली आहे, आत दगडही ठेवलेत. पाणी पिऊन फळ्या फुगतात आणि एकमेकींना घट्ट धरतात. काही दिवसांनी दगड काढायचे, डब्यांनी पाणी उपसायचं आणि आत कोरड्या जागी हात फिरवायचा. एक सांध अजून पाझरते. तिथे पुन्हा वात.

(दृश्य: शीड उभारताना.)

शीड खताच्या गोण्यांचं, डोलकाठी बांबूची. गोण्यांवरची अक्षरं अजून वाचता येतात. मांजरपाटाचं शीड भिजलं की जड व्हायचं, गोणीचं तसं होत नाही. परंपरा वगैरे ठीक, पण बाबांना गोणीच पसंत.

(दृश्य: सामान चढवताना.)

जाळी, कंदील, ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ, लाल मिरचीचा ठेचा, चुलीसाठी तीन दगड. मुक्काम वाटेतल्या टेकाडांवर, धरणाच्या भिंतीकडे जाता जाता. हिवाळ्यात वारा पूर्वेकडून सुटतो, पाठीमागून ढकलतो. सोबत नातू आहे, सुट्टीपुरता. शाळा उघडली की तो परत जाईल.

परतीला हाच वारा समोरून येतो. तेव्हा शीड गुंडाळायचं आणि वल्ही मारायची. नाहीतर एखाद्या इंजिनवाल्याकडे दोर फेकायचा.