दोन सह्या, दोन गणितं

[दृश्य: एडिनबरा, सेंट अँड्र्यूज हाउस]

१५ ऑक्टोबर २०१२. टेबलाशी दोन माणसं बसली आहेत. ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन आणि स्कॉटलंडचे फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे तिथल्या सरकारचे प्रमुख, अ‍ॅलेक्स सामंड. ब्रिटनमधून वेगळं व्हायचं का, हे स्कॉटलंडच्या मतदारांनी ठरवावं, अशा करारावर ते सह्या करताहेत. दोघांनीही आपापलं गणित मांडूनच पेन उचललंय.

कॅमेरॉन यांचं गणित सोपं होतं. २०११ मध्ये सामंड यांच्या स्वातंत्र्यवादी स्कॉटिश नॅशनल पार्टीनं स्कॉटलंडच्या संसदेत १२९ पैकी ६९ जागा जिंकल्या होत्या. आता सार्वमत नाकारणं म्हणजे त्यांच्या हाती आयतं कोलीत देणं. शिवाय स्वातंत्र्याच्या बाजूनं होते तिघांतल्या एकाच्या आसपास. मग एकदाचा सोक्षमोक्ष लावून टाकावा! अट एकच: वेगळं न होता जास्त अधिकार, हा तिसरा पर्याय मतपत्रिकेवर नको. बऱ्याच लोकांना तोच हवा होता, अडचण तीच होती.

सामंड यांनी तो सोडला आणि वेळ पदरात पाडून घेतला. मुदत २०१४ च्या अखेरपर्यंत. पिछाडीवर असलेल्याला दोन वर्षं म्हणजे केवढी! सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना मताधिकारही मिळवला.

[दृश्य: मतपत्रिका, जवळून]

आता हा प्रश्न बघा. सामंड सरकारचा मूळ मसुदा होता, ‘स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा, याच्याशी आपण सहमत आहात का?’ निवडणूक आयोगानं ‘सहमत आहात का’ काढायला लावलं, कारण त्यातून उत्तर सुचवलं जात होतं. उरलं, ‘स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का?’ तरीही ‘होय’ सामंड यांच्याच वाट्याला आलं. दुसरी बाजू गावोगाव ‘नाही’ मागत हिंडली.

मतदानाला अकरा दिवस उरले असताना एका चाचणीत ‘होय’ ५१ टक्क्यांवर गेलं. लंडनमध्ये धावाधाव झाली. तिन्ही मोठ्या पक्षांचे नेते संसदेतला प्रश्नोत्तराचा तास सोडून स्कॉटलंडला पळाले. अखेरच्या आठवड्यात वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर त्यांच्या सह्यांनिशी वचन छापून आलं: इथेच राहा, जास्त अधिकार देऊ. पुढच्या दारातून हाकललेला तिसरा पर्याय मागच्या दारानं आत घ्यावा लागला.

१८ सप्टेंबर २०१४. मतदान ८४.६ टक्के. ‘नाही’ ५५.३, ‘होय’ ४४.७. सामंड यांनी पद सोडलं.

पण खरी मेख आठ महिन्यांनी कळली. २०१५ च्या ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीत ‘होय’वाले एका पक्षामागे गोळा झाले आणि ‘नाही’वाले तीन पक्षांत वाटले गेले. स्कॉटलंडमधल्या ५९ पैकी ५६ जागा सार्वमत हरलेल्या पक्षाला! ‘नाही’च्या बाजूच्या लेबर पक्षाच्या ४१ होत्या, उरली एक.

त्यानंतर लंडननं दुसऱ्या सार्वमताला दाद दिली नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं, वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे लंडनच्या संसदेच्या, संमतीशिवाय असा कायदा स्कॉटलंडच्या संसदेला करता येणार नाही. सामंड यांच्यानंतर आलेल्या निकोला स्टर्जन म्हणाल्या, मग ब्रिटिश संसदेची पुढची निवडणूकच आम्ही सार्वमत समजू. ती निवडणूक जुलै २०२४ मध्ये झाली. तोवर स्टर्जन पायउतार झाल्या होत्या, आणि स्कॉटलंडच्या, आता ५७ उरलेल्या, जागांपैकी पक्षाच्या हाती आल्या नऊ.