परदेशी सेल्स रेप (म्हणजे विक्री प्रतिनिधी) ठेवलाय, पण तो ग्राहकाशी काय बोलतो ते कळतं का तुम्हाला?

नमस्कार मंडळी. गेले काही दिवस कमेंटमध्ये एकच प्रश्न फिरून फिरून येतोय, की दादा, परदेशात माल विकायचाय तर तिथलीच भाषा बोलणारा माणूस रिमोट ठेवावा का? ठेवावा. ग्राहक स्वतःच्या भाषेत जेवढा मोकळा होतो तेवढा इंग्रजीत होत नाही, विषय संपला. माणूस लिंक्डइनवर सापडतो, रिक्रूटर देतो, प्रदर्शनात ओळखी होतात, म्हणजे शोधणं हा अवघड भाग नाहीच.

अवघड आहे ते पारखणं. जी भाषा तुम्हाला अजिबात येत नाही त्या भाषेत हा माणूस दिवसभर बोलणार, आणि तो बरोबर बोलतोय की नाही हे तुम्हाला कळणार कसं? यावर कुणी बोलत नाही म्हणून हा व्हिडिओ.

माझ्यासोबत काय झालं ते सांगतो. आम्ही मशीनचे पार्ट्स विकतो. जर्मनीसाठी एक रेप ठेवला, स्वभावाने चांगला, मेहनती. दर आठवड्याला त्याचा इंग्रजीत रिपोर्ट यायचा आणि एका ग्राहकापुढे कायम तेच, "प्राइस जास्त वाटते". मी रेट कमी केला. पुन्हा तेच, पुन्हा कमी केला. शेवटी ग्राहकाची परवानगी घेऊन एक मीटिंग रेकॉर्ड केली आणि जर्मन येणाऱ्या दुसऱ्या एका बाईंना पैसे देऊन ऐकायला लावली. त्या म्हणाल्या, अहो, ग्राहक किमतीबद्दल एकदाच बोललाय, तेही सहज. तीन वेळा त्याने विचारलंय की ऑर्डर दिल्यापासून माल किती आठवड्यांत पोचणार, आणि तुमचा माणूस तिन्ही वेळा म्हणालाय "विचारून सांगतो". मला त्याने कधी विचारलंच नव्हतं! मीही त्याला डिलिव्हरीचं वेळापत्रक दिलं नव्हतं, ती चूक माझी. पण दोनदा रेट पाडला तो कशासाठी, सांगा.

तेव्हापासून माझा नियम आहे, महिन्यातून दोन कॉल तिसऱ्या माणसाकडून ऐकून घ्यायचे. रेपला आधीच सांगून, लपूनछपून नाही. आणि रेकॉर्डिंगचं नीट ऐका, जर्मनीत समोरच्याच्या संमतीशिवाय फोन रेकॉर्ड करणं गुन्हा आहे, दुसऱ्या देशांत नियम वेगळे, आधी बघून घ्या.

आता हेच मुलाखतीच्या वेळी. तुम्ही त्याची मुलाखत इंग्रजीत घेता, त्याचं इंग्रजी छान असतं, तुम्ही खूश होता. अहो, पण काम तो इंग्रजीत करणारच नाहीये! इंग्रजी छान असणाऱ्याने तुम्हाला जिंकलं, ग्राहकाला नाही. म्हणून ती भाषा येणारा कुणीतरी मुलाखतीला बसवा, त्याला ग्राहक व्हायला सांगा, तुमचा कॅटलॉग हातात द्या आणि वीस मिनिटं खोटा कॉल होऊ दे. मग उमेदवाराने उलट प्रश्न किती विचारले, माहीत नसेल तिथे थापा मारल्या का, जर्मन असेल तर अनोळखी खरेदी मॅनेजरला 'झी' (आदराचं 'तुम्ही') म्हणाला की थेट 'डू'वर ('तू'वर) आला, एवढं त्या ग्राहक झालेल्याला विचारा.

एका ताईंनी लिहिलंय, आता एआय सगळं ट्रान्सलेट करतं, ट्रान्स्क्रिप्ट वाचली की झालं. ताई, मी पण वाचतो, उपयोग होतो. पण जपानी ग्राहक म्हणतो "केंतो शिमासु", एआय सांगतं "आम्ही विचार करू", आणि तुम्ही पुढच्या महिन्याच्या विक्रीत तो धरता. पुष्कळदा तो सभ्यपणे दिलेला नकार असतो. शब्द बरोबर आलेत, अर्थ गेला.

आणि "स्पॅनिश येणारा चालेल ना" विचारणाऱ्यांनो, कुठलं स्पॅनिश? स्पेनमध्ये 'कोखेर' म्हणजे साधं घेणं, पकडणं, मेक्सिकोत आणि अर्जेंटिनात तोच शब्द अश्लील आहे. ब्राझीलचा ग्राहक आणि पोर्तुगालचा रेप, चालतं, पण पहिल्या वाक्यातच कळतं की हा बाहेरचा. देश आधी ठरवा, मग भाषा.

कराराचं पटकन सांगतो, हे वकिलाकडूनच करून घ्या. युरोपियन युनियनमध्ये स्वतंत्र एजंट म्हणून तुमच्या वस्तू विकणाऱ्याला १९८६ च्या डायरेक्टिव्हचं, म्हणजे युनियनच्या नियमाचं संरक्षण आहे, संबंध तोडताना त्याला मोबदला द्यावा लागू शकतो, जर्मनीत तो जास्तीत जास्त एका वर्षाच्या सरासरी कमिशनएवढा. "करारात लिहून टाकू की देणार नाही", असं आधीच लिहून सुटका होत नाही. दुसरं, तो तिथे बसून नेहमी तुमच्या नावाने सौदे पक्के करत असेल तर तिथलं टॅक्स खातं तुमचं परमनंट एस्टॅब्लिशमेंट धरू शकतं, म्हणजे तुमचं तिथे कायमचं ठाणं आहे असं समजून तिथला टॅक्स लावू शकतं. कमिशन ऑर्डरवर नको, पैसे जमा झाल्यावर, आणि हे पहिल्या दिवशीच बोला, नंतर बोललं की माणूस दुखावतो.

तिसऱ्यांदा त्याच मुद्द्यावर येतो, की तो काय बोलला ते तुम्हाला कळत नाही, कारण माणूस सोडून जातो तेव्हाही हेच आडवं येतं. सगळं बोलणं त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर, त्याच्या भाषेत, आणि तुमच्या सीआरएममध्ये, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये काय? "फॉलोअप केला." नवा माणूस त्यातून काय समजणार? ग्राहकाचा प्रश्न त्याच्याच शब्दांत, त्याच्याच भाषेत लिहायचा, खाली इंग्रजीत अर्थ. पाच मिनिटांचं काम आहे, पण रेप टाळतात, मागे लागावं लागतं. माझा तो रेप अजून माझ्यासोबत आहे बरं का, आता तो असंच लिहितो, आणि परवा त्याच्या नोंदीतून मला कळलं की त्याच ग्राहकाला पार्ट्स दोन दोनच्या पाकिटात हवेत, मोठ्या खोक्यात नकोत. तीन वर्षं आम्ही खोकी पाठवतोय.

तुमचा रेप असेल तर आज त्याला फोन करा आणि विचारा, शेवटच्या कॉलमध्ये ग्राहकाने पहिला प्रश्न कुठला विचारला. काय उत्तर आलं ते खाली लिहा, मी प्रत्येक वाचतो.