पांढरं कोरायचं असतं

नमस्कार श्रोतेहो. रेडिओवरून चित्रांबद्दल बोलायचं म्हणजे जरा आगाऊपणाच. पण आजची चित्रं सांगूनही डोळ्यांपुढे उभी राहतील. त्यांत माणूस नाही, झाड नाही, देऊळ नाही. चौकोन, त्रिकोण, पट्टे आणि दोनच रंग, काळा आणि पांढरा. लाकडाच्या फळीवर कोरून कागदावर छापलेली भौमितिक अमूर्त चित्रं.

रीत सोपी आहे. घासून गुळगुळीत केलेल्या फळीवर आखणी करायची. जिथं पांढरं हवं तिथलं लाकूड कोरणीनं काढायचं. उरलेल्या उंच भागावर रोलरनं शाईचा पातळ थर द्यायचा, वर कागद ठेवायचा आणि चमच्याच्या पाठीनं सगळीकडून घासायचं. यंत्र नसलं तरी अडत नाही. कचेरीतला रबरी शिक्का उमटतो तो याच तत्त्वावर. गंमत अशी, की पेन्सिल काळं काढते आणि कोरणी पांढरं. पेन्सिलीला सरावलेला हात सुरुवातीला हमखास गोंधळतो. आणि एकदा काढलेलं लाकूड परत बसवता येत नाही.

इथं करडा रंग नाही, त्यामुळे सगळा निकाल कडेवर लागतो. चेहऱ्याचं चित्र असेल तर पुढचं काय आणि मागचं काय, हे डोळ्याला लगेच कळतं. नुसते काळे-पांढरे पट्टे असले की दोघांचाही हक्क सारखा. घटकाभर काळा पुढे येतो, घटकाभर पांढरा. त्यातून पांढरा पट्टा मापानं काळ्याएवढाच असला तरी दिसतो थोडा रुंद. पट्टी म्हणते सारखे आहेत, डोळा म्हणतो नाहीत. अशा वेळी डोळ्याचं ऐकावं आणि पांढरा किंचित अरुंद कोरावा, असं माझं मत.

पण खरी मजा लाकडात आहे. भूमितीला सरळ रेघ हवी, आणि लाकडाला स्वतःचे रेषे असतात. रेष्यांच्या दिशेनं कोरणी सुळकन जाते. आडवी चालवली की कपचे उडतात. म्हणून आडव्या कडा आधी धारदार सुरीनं कापून घ्यायच्या, मग मधलं लाकूड काढायचं. लिनोलियमवर ही कटकट नाही. जवसाचं तेल आणि बुचाच्या लाकडाचा भुगा यांपासून बनलेला तो पदार्थ, त्याला रेषेच नसतात. चित्रकार नंदलाल बोस यांचं १९३० सालचं, दांडीयात्रेतले काठी घेतलेले गांधीजी दाखवणारं प्रसिद्ध चित्र लिनोवरच कोरलेलं आहे. लिनो सोयीचा खरा, पण भौमितिक चित्रात मला तो जरा मुका वाटतो.

का, ते जर्मनीत जन्मलेले अमेरिकन चित्रकार योसेफ आल्बर्स यांचं १९४४ चं ‘त्लालोक’ हे लाकडावरून छापलेलं चित्र पाहिलं की कळतं. फळीचे रेषे सगळ्या पार्श्वभूमीवर उमटू दिले आहेत आणि त्यांवर मोजक्या, काटेकोर, सरळ पांढऱ्या रेघा. त्लालोक हा मेक्सिकोतल्या प्राचीन लोकांचा पावसाचा देव. पुढे १९५० च्या दशकात ब्राझीलच्या चित्रकार लिजिया पापे यांनी लाकडावरच ‘तेसेलारेस’ ही मालिका केली. त्यांच्या काळ्या आकारांतून लाकडाची नक्षी झिरपते. भूमिती माणसाची, पोत झाडाचा.

आपल्याकडे करून पाहायचं असेल तर सांगली-मिरजेजवळच्या कुपवाडच्या एमआयडीसीत यंत्रं ज्या खोक्यांतून येतात, त्यांतली पाईनची एखादी फळी मिळवा. तिच्यावर रेष्यांच्या दिशेनं तारेचा ब्रश फिरवा. मऊ भाग झिजतो, कडक रेषे वर राहतात आणि छापताना ठसठशीत येतात. सागवान वाया घालवू नका, ते महाग आहे. कोरणीला मात्र धार हवी. बोथट कोरणी लाकूड कापत नाही, चेंगरते, आणि हातात सटकते ते वेगळंच. धारेचं महत्त्व मिरजेला सांगायला नको. तिथल्या सतार-तंबोरा करणाऱ्या घराण्यांचे पूर्वज शिकलगार, हत्यारांना धार लावणारे.

मिरजेचा छपाईशीही जुना संबंध आहे. १८०५ साली मिरजेचे संस्थानिक गंगाधरराव पटवर्धनांनी तिथं तांब्याच्या पत्र्यांवरून भगवद्गीता छापून घेतली. ठशावरची अक्षरं उलटी कोरावी लागतात. चौकोन-त्रिकोण कोरणाऱ्याला वाटतं, आपल्याला ती काळजी नाही. पण काळजी आहे. आपण डावीकडून उजवीकडे वाचणारी माणसं. खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्यात गेलेला पट्टा आपल्याला चढता वाटतो. तोच फळीवरून कागदावर आला की दिशा फिरते आणि तो उतरता होतो. सगळ्या चित्राचा तोलच बदलतो. तेव्हा आखणी झाली की पहिली कोरणी मारण्याआधी फळी आरशासमोर धरा आणि आरशात दिसतं ते चित्र पटतंय का, ते बघा.