फोटो काढा, पण ढग टिकू द्या

स्क्रीनवर हा लांबट ठिपका दिसतोय ना, तो सोडियमच्या अणूंचा ढग आहे, लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर, आणि थंड इतका की निरपेक्ष शून्यापासून एका अंशाच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास. एवढ्या थंडीत अणू आपापले वेगळे राहतच नाहीत, सगळे एकाच क्वांटम अवस्थेत जाऊन बसतात.

बघायचं कसं पण? साधा मार्ग म्हणजे सोडियमला लागू पडणारा पिवळा लेझर मारायचा, 589 नॅनोमीटरचा, आणि मागची सावली कॅमेऱ्यात घ्यायची. फोटो मस्त येतो, ढग मात्र संपतो. एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, गिळला की अणूला सेकंदाला जवळपास 3 सेंटीमीटरचा वेग मिळतो आणि तो ढगातून बाहेरच फेकला जातो. मग पुढच्या फोटोसाठी सगळं पहिल्यापासून करा.

1996 मध्ये एमआयटीत वोल्फगांग केटर्ले यांच्या टीमने लेझरचा रंग सोडियमला लागू पडणाऱ्या रंगापासून मुद्दाम बाजूला सरकवला. असा प्रकाश जवळपास सगळा आरपार जातो, फक्त ढगातून जाताना त्याची लाट किंचित सरकते. आता हे नीट ऐका, रंग त्या मूळ रंगापासून दुप्पट लांब नेला तर लाटेची सरक निम्मी होते पण अणूंनी फोटॉन गिळायचं प्रमाण थेट पाव होतं, आणि मला विचाराल तर या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच, सगळा खेळ या फरकावर उभा आहे.

सरकलेली लाट कॅमेऱ्याला दिसत नाही. तिथे फ्रिट्स झेर्निके यांची युक्ती कामाला आली, जिच्यामुळे जिवंत पेशी रंग न लावता मायक्रोस्कोपखाली बघता येतात, 1953 चं नोबेल मिळालेली. ढगाला न शिवता आलेला प्रकाश लेन्सने एका बिंदूत जमतो, तिथे काचेवर बारीक ठिपका असतो, त्याने तो प्रकाश पाव लाट सरकतो आणि बाकीच्या प्रकाशात मिसळला की ढग उजेड-अंधारात उमटतो.

1997 मध्ये याच टीमने ढगाच्या मधोमध लेझरने टिचकी मारली आणि त्याच एका ढगाचे मिलिसेकंदांच्या अंतराने फोटो घेतले, तर त्यात आवाजाची लाट दोन्ही टोकांकडे जाताना दिसली, वेग सेकंदाला काही मिलिमीटर फक्त!

अणूच्या आतल्या ऊर्जेच्याही वेगवेगळ्या अवस्था असतात, त्यातल्या कुठल्या अवस्थेत किती अणू, हेही असंच मोजता येतं. 2009 मध्ये कोपनहेगनला सीझियमच्या लाखभर थंड अणूंवर हे केलं, आणि मोजता मोजताच अणू एकमेकांत गुंतले, म्हणजे त्यांचं वागणं एकमेकांशी बांधलं गेलं, दोन अवस्थांमधल्या संख्येच्या फरकातली अनिश्चितता सुट्या, न गुंतलेल्या अणूंच्या नेहमीच्या मर्यादेखाली गेली. फुकट काही नाही, या फरकाच्या जोडीची दुसरी राशी, म्हणजे दोन अवस्थांच्या लाटांमधली सरक, तिची अनिश्चितता निदान तेवढी वाढते, पण अणुघड्याळात शेवटी मोजायचा असतो तो संख्येतला फरकच.