मोकळा माणूस पाठवू नका

मागे ऐकू येतंय ना? येतंय. बरं. संयोजकांनी विषय दिलाय 'नेतृत्व विकास कार्यक्रमात सहभागी होताना' आणि वेळ दिलीय चाळीस मिनिटं. समोर बहुतेक महसूलचीच मंडळी दिसतायत, चार-पाच पंचायत समितीचे आहेत, त्यामुळे टेबल म्हणजे काय, चार्ज म्हणजे काय हे सांगत बसत नाही. मी 1989 ला लिपिक म्हणून लागले, नायब तहसीलदार म्हणून रिटायर झाले. मला जे सांगायचंय ते आधीच सांगून टाकते, म्हणजे वेळ संपला तरी राहून जायला नको. नेतृत्वाच्या ट्रेनिंगला मोकळा माणूस पाठवू नका. ज्याच्या टेबलावर सगळ्यात जास्त कागद अडलाय ना, त्याला पाठवा.

आपल्याकडे काय होतं बघा. वरून पत्र येतं, दोन कर्मचाऱ्यांची नावं उलट टपाली कळवा. आस्थापनेचे, म्हणजे कर्मचाऱ्यांचं काम बघणारे, भाऊसाहेब मान वर करून हॉलभर नजर फिरवतात आणि बघतात काय, तर कोण रिकामा आहे. मग ज्याला रिटायरमेंटला आठ महिने उरलेत त्याचं नाव जातं, नाहीतर ज्याचं साहेबांशी पटत नाही त्याचं, नाहीतर जो आजारपणातून नुकताच उठून आलाय त्याचं, की जाऊ दे, पाच दिवस हवापालट होईल. तुमच्यापैकी कितीजण असे गेलात? हात वर करा, इथं कोणी सीआर, म्हणजे तुमचा गोपनीय अहवाल, लिहायला बसलेलं नाही. बघा, अर्धा हॉल!

आता माझं सांगते. 2010 ची गोष्ट, मी अव्वल कारकून होते आणि माझ्याकडे संजय गांधी निराधार योजनेचं टेबल होतं. ज्यांनी हे टेबल सांभाळलंय त्यांना माहितीय, सकाळी दार उघडायच्या आधी पायरीवर बायका बसलेल्या असतात, विधवा, म्हाताऱ्या, मुलगा सांभाळत नाही अशा, पदरात कागदांची पिशवी. मी यशदाच्या, म्हणजे पुण्यातल्या सरकारी प्रशिक्षण संस्थेच्या, नेतृत्व कार्यक्रमाला मला पाठवा म्हणून स्वतःहून अर्ज केला होता. आमच्या त्या वेळच्या साहेबांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, "बाई, टेबलावर एवढी पेंडन्सी, एवढी प्रकरणं अडलेली, आणि तुम्ही पुण्याला निघालात?" आणि गेलं कोण, तर ज्या शाखेला त्या वर्षी फारसं काम नव्हतं तिथले एक सहकारी. चांगला माणूस होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण तो परत आला, फाईल कपाटात ठेवली, विषय संपला. मला त्या दिवशी फार लागलं, अजून लागतं. पेंडन्सी आहे म्हणून तर जायचं होतं ना मला. दम लागलेल्या माणसाला तुम्ही म्हणता, आधी दम जाऊ दे मग डॉक्टरकडे जा!

पुढच्या वर्षी एकाचं नाव ऐनवेळी गळलं म्हणून माझं लागलं. कार्यमुक्तीचा आदेश शनिवारी संध्याकाळी हातात, सोमवारी सकाळी हजर व्हायचं. चार्ज कुणी घेईना, सगळे म्हणाले पाच दिवसांनी तुम्हीच येणार की. मी एक काम केलं, टेबलावरचं एक प्रकरण उचललं, एका बाईचा अर्ज, त्याची झेरॉक्स काढली आणि पिशवीत टाकली. का टाकली ते तेव्हा मलाही नीट सांगता आलं नसतं.

पहिल्या दिवशी सरांनी कागद वाटले, म्हणाले तुमच्या ऑफिसात काय बदलायला पाहिजे ते लिहा. सगळ्यांनी भराभरा लिहिलं. स्टाफ कमी, पदं रिक्त, कॉम्प्युटर जुने, बदल्या, दबाव. मग ते म्हणाले, आता यातलं जे तुमच्या स्वतःच्या हातात नाही ते खोडा. खोडता खोडता माझा सगळा कागद खोडून झाला, खाली एक ओळ उरली नाही. बावीस वर्षं नोकरी झालेली, आणि माझ्या हातात काहीच नाही असं माझाच कागद सांगतोय. रात्री जेवण गेलं नाही, खरं सांगते.

मग होस्टेलच्या खोलीत ती झेरॉक्स काढली आणि समासात फक्त तारखा लिहीत गेले. अर्ज आला कधी, माझ्याकडे कधी, त्रुटीचं पत्र कधी, उत्तर कधी. अर्जापासून मंजुरीपर्यंत 143 दिवस. योजनेच्या समितीनं निर्णय घेतला एका बैठकीत, एका दुपारी. मग बाकीचे दिवस गेले कुठे? तीन त्रुटी पत्रांत. पहिलं पत्र, रेशनकार्डाची प्रत नाही. ती आली तेव्हा दुसरं, उत्पन्नाचा दाखला जोडा, 21,000 च्या आतला. ते झालं तेव्हा तिसरं, पंधरा वर्षांच्या रहिवासाचा पुरावा. तिन्ही पत्रं मीच तयार केलेली! आणि उत्पन्नाचा दाखला देतं कोण, तर आपलंच तहसील कार्यालय, माझ्या टेबलापासून दोन टेबलं सोडून. ती बाई प्रत्येक वेळी एसटीनं आली, दिवसाची मजुरी बुडवून, आणि मी तिला दोन टेबलं पलीकडे न पाठवता पोस्टानं पत्र पाठवत होते. पहिल्याच दिवशी अर्ज उलटसुलट करून बघितला असता तर तिन्ही गोष्टी तिला तोंडी सांगता आल्या असत्या.

परत आल्यावर मी एवढंच केलं, एक छापील तक्ता केला, अर्ज हातात आला की अर्जदारासमोरच सगळ्या त्रुट्यांवर खुणा, तक्ता तिच्या हातात, दुसरी प्रत प्रकरणात, पुन्हा नवी त्रुटी काढायची नाही. ते सोपं होतं. अवघड होतं ते दाखल्याच्या टेबलावरच्या भाऊसाहेबांना पटवणं की निराधारांचे अर्ज तुम्ही वेगळ्या गठ्ठ्यात घ्या. ते माझ्या हाताखाली नव्हते, मला त्यांना हुकूम करता येत नव्हता, वरून पत्र आणलं असतं तर त्यांनी नियमावर बोट ठेवलं असतं. तीन आठवडे मी त्यांच्याबरोबर रोज चहा प्यायले, एकदा त्यांना माझ्या खुर्चीत बसवून म्हटलं, भाऊसाहेब, तुम्हीच सांगा यांना दाखला कधी मिळेल. समोर सत्तरीची म्हातारी उभी. त्या दिवसापासून गठ्ठा वेगळा झाला. नेतृत्व नेतृत्व म्हणतात ते मी या चहात शिकले. खुर्चीच्या जोरावर काम करून घेणं वेगळं, ज्याच्यावर आपला जोर चालत नाही त्याला बरोबर घेणं वेगळं.

गठ्ठ्यावरून आठवलं, सहा गठ्ठे पद्धत आपल्याला सगळ्यांना पाठ आहे, चालू प्रकरणं, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश, रेकॉर्डला पाठवायची आणि नष्ट करायची. परीक्षेला लिहितो आणि विसरतो. अहो, ती धूळ झटकायची पद्धत नाही, तुमचं डोकं टेबलावर मांडायची पद्धत आहे! अनिलकुमार लखिना 1980 च्या दशकात तेव्हाच्या अहमदनगरला कलेक्टर होते, त्यांनी कार्यालयाची बसायची मांडणी, रेकॉर्ड, कुणाचं काम काय हे सगळं लावून दिलं, आजही लखिना पॅटर्न म्हणतो आपण. नाव साहेबांचं आणि ते योग्यच आहे. पण तो पॅटर्न चालवला कुणी? रोज सकाळी गठ्ठे सोडणाऱ्या लिपिकांनी आणि शिपायांनी. म्हणून नेतृत्व फक्त वर्ग एकच्या अधिकाऱ्यांनी शिकायचं हे मला मान्यच नाही, अजिबात नाही, आणि...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. आणि विषयावर तर मी आत्ता येणार होते. बरं, भराभर सांगते, लिहून घेणारे लिहून घ्या.

जायच्या आधी. चार्ज लेखी द्या, कच्च्या कागदावर का होईना, कुठली पाच प्रकरणं या आठवड्यात हलली पाहिजेत ते लिहून. आणि एक अडलेलं प्रकरण तारखांसकट बरोबर न्या, अर्जदाराचं नाव झाकून. रिकाम्या हातानं गेलात तर दुसऱ्यांची उदाहरणं ऐकून याल.

तिथं गेल्यावर. फोन बंद ठेवा. साहेबांचा फोन येणारच, दिवसातून एकदा ठरलेल्या वेळी घ्या. दुसऱ्या खात्यातला माणूस शेजारी बसवा, महसूलचे चौघे एकत्र बसले की बदल्यांच्याच गप्पा होतात. मला त्रुटीच्या तक्त्याची कल्पना आरोग्य खात्यातल्या एका सिस्टरनं दिली, केसपेपरवरून.

आता मोबाईलवरच्या कोर्सचं. सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाच्या मिशन कर्मयोगीला केंद्रानं सप्टेंबर 2020 मध्ये मंजुरी दिली, त्याच्या आयगॉट कर्मयोगी या ऑनलाइन पोर्टलवर तुमच्यापैकी पुष्कळांची नोंदणी असेल. नियम शिकायला, नवीन कायदा समजून घ्यायला चांगली सोय आहे, कुणाचा कार्यमुक्ती आदेश लागत नाही. पण व्हिडिओ लावून ठेवायचा, आवाज बंद करायचा आणि इकडे टपाल लावायचं, हे करू नका. सर्टिफिकेट येतं, बाकी काही येत नाही. दुसऱ्याला पटवणं हे माणसांत बसूनच शिकावं लागतं.

इथं जे कार्यालयप्रमुख आहेत त्यांना हात जोडून विनंती. पैसे नाहीत म्हणू नका. 2012 च्या राष्ट्रीय प्रशिक्षण धोरणात पगाराच्या तरतुदीच्या किमान अडीच टक्के रक्कम प्रशिक्षणाला ठेवावी असं म्हटलंय, धोरण केंद्राचं आहे, पण मागताना दाखवता तर येतं. आणि माणूस परत आला की पहिल्या आठवड्यात त्याला समोर बसवून विचारा, काय बदलायचं म्हणतोस? फक्त एवढं विचारा. मला कुणी विचारलं नव्हतं.

आल्यावर तुम्ही काय करायचं? फाईलवर साहेबांसाठी जी टिप्पणी लिहिता तिचा शेवटचा परिच्छेद बदला. "आदेशार्थ सविनय सादर" एवढंच लिहून फाईल वर ढकलू नका, नियम काय, पूर्वी काय झालं आणि माझ्या मते काय करावं, हे तीन ओळींत लिहा आणि खाली सही करा. साहेबांनी फिरवलं तर फिरवू दे. 2005 चा दप्तर दिरंगाईचा कायदा सांगतो की साधारणपणे कुठलीही फाईल एका माणसाकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. पण मत न लिहिता चौथ्या दिवशी पुढे सरकवलेली फाईल कायद्यात बसते आणि चार टेबलं फिरून तुमच्याकडेच परत येते, तोपर्यंत ती बाई पायरीवर बसलेली असते.

त्रुटीच्या तक्त्याचा नमुना आणलाय, चाळीस प्रती आहेत, दाराशी ठेवल्यात. तुमच्या योजनेप्रमाणे बदलून घ्या. आता प्रश्न घेऊ, आधी तिसऱ्या रांगेतल्या त्या ताई, त्यांनी मघापासून हात वर धरलाय.